आल्बर्ट नामात्जिरा आणि त्याची भूमि

२०१३ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियांतील वृत्तपत्रांनीं दोन झाडें जळाल्याची बातमी दिली. अॅलिस स्प्रिंग्ज हें गांव त्या खंडाच्या जवळजवळ मध्यावर आहे. गांवापासून पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला निलगिरीच्या कुळांतील, पांढऱ्या शुभ्र खोडाचीं हीं दोन जुनीं झाडें जोडीनें उभीं होतीं. अशा झाडाला तिकडचे गोरे लोक ‘भुताचें झाड’ म्हणतात. आपल्याकडे कांडोळाला कोठें कोठें ‘भुत्या’ म्हणतात, तें याच कारणानें. झाडें कोणी तरी मुद्दाम पेटविलीं असावींत असा पोलिसांचा संशय होता. जेथें कोसच्या कोस रान वणव्यांत जळतें, तेथें दोन झाडांची एवढी पर्वा कोण करील? परंतु हीं झाडें संरक्षित वारशाच्या सरकारी यादींत जाण्याच्या बेतांत होतीं, आणि त्यांच्यासाठीं देशभर हळहळ वाटली. कारण एवढेंच, कीं तीं एका चित्रकारानें काढलीं होतीं. त्याचें नांव आल्बर्ट नामात्जिरा.

त्याचें चित्र श्रोत्यांना मी दाखवूं शकत नाहीं, म्हणून शब्दांनीं सांगतों. कागद लहान, जलरंगांनीं रंगविलेला. एका बाजूला पांढरें झाड, इतकें जवळ कीं त्याचा शेंडा कागदाच्या चौकटीबाहेर गेला आहे. खोडावर निळसर सांवली. सालीच्या सुरकुत्या एखाद्या वृद्धाच्या हाताच्या सुरकुत्यांसारख्या काळजीपूर्वक टिपलेल्या. त्याच्या पायथ्याशीं तांबडी माती आणि वाळक्या गवताचे पिंवळे झुबके. मग मैदान, आणि मैदानापलीकडे जांभळ्या-निळ्या डोंगरांची रांग. माणूस बहुधा कोठेंच नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत या चित्रांच्या छापील प्रती ऑस्ट्रेलियांतील असंख्य बैठकींच्या भिंतींवर लटकत होत्या. यजमानीण चहा ओतीत असे, पाहुणे मान वर करून ‘किती सुंदर’ म्हणत, आणि तेवढ्यावर तें चित्र संपे. तें संपत नव्हतें, ही गोष्ट त्या समाजाला कळण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंपर्यंत चित्रकार मरण पावला होता, आणि मरण्यापूर्वीं त्याला शिक्षाही भोगावी लागली होती.

ज्या मुलुखांत तो जन्मला त्याविषयीं प्रथम थोडें सांगितलें पाहिजे. अॅलिस स्प्रिंग्जच्या पूर्वेस आणि पश्चिमेस मॅक्डोनेल नांवाच्या डोंगरांच्या रांगा शेंकडों मैल पसरल्या आहेत. त्यांना भेदून फिंक नदी दक्षिणेकडे जाते. तिचें मूळचें नांव लारापिंटा. नदी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पाणी येतें, परंतु ही नदी बहुतेक काळ नुसत्या वाळूचा पट्टा असते आणि पाणी कोठें कोठें डोहांतून राहतें. या प्रदेशाचे मूळ रहिवासी अरुंडा लोक. डोंगर, डोह, खडक, एखादें एकटें झाड, हीं सर्व त्यांच्या दृष्टीनें आद्य पूर्वजांचीं कृत्यें आहेत. हे पूर्वज कधीं मनुष्यरूपानें, कधीं मुंगी, कांगारू किंवा सरडा होऊन भूमीवरून चालले. जेथें बसले तेथें डोह झाला, जेथें निजले तेथें डोंगर झाला, आणि अखेर ते त्या जागींच सामावले. ते गेले नाहींत, आहेत. एका स्थळाची गोष्ट सांगतों. हर्मन्सबर्गच्या पश्चिमेस ट्नोराला नांवाचें डोंगरांचें एक मोठें कडें आहे. आकाशगंगेंत तारकारूप स्त्रिया नाचत होत्या. त्यांपैकीं एकीनें आपलें तान्हें मूल लाकडी परातींत घालून बाजूस ठेवलें, आणि नाचतां नाचतां ती परात कलंडून खालीं पडली. जेथें ती आदळली तेथें हें कडें उभें राहिलें. आजचे भूशास्त्रज्ञ सांगतात, कीं सुमारें चौदा कोटि वर्षांपूर्वीं आकाशांतून एक प्रचंड पिंड येथें येऊन आदळला. दोन्ही वृत्तांत एका बाबतींत एक आहेत: कांहीं तरी वरून पडलें.

ज्या काळांत हें सर्व घडलें, किंबहुना घडत असतें, त्याला अरुंडा भाषेंत ‘अल्जिरा’ या शब्दाशीं निगडित नांवें आहेत. १८९६ च्या सुमारास एका इंग्रज प्राध्यापकानें व त्याच्या पोस्टमास्तर मित्रानें त्याचें भाषांतर ‘स्वप्नकाल’ असें केलें, आणि तेव्हांपासून जगभर तोच शब्द रूढ झाला. शब्द गोड आहे. परंतु त्यानें एक घोटाळा केला. ज्याला आपण स्वप्न म्हणतों त्याच्यावर खटला भरतां येत नाहीं आणि त्याचा सातबाराही निघत नाहीं. अरुंडा मनुष्याला मात्र तें स्वप्न नव्हतें. तो त्याचा कायदा होता. कोणत्या डोहाची गोष्ट कोणीं सांगावी, कोणतें गीत कोणीं म्हणावें, कोणाचें कोणाशीं लग्न व्हावें, शिकार कोणाला किती वांटावी, हें सर्व त्यावरून ठरे. मनुष्य भूमीचा मालक नसे. भूमि त्याची आप्त असे. इंग्रजींत ते लोक आपल्या मुलुखाला जो शब्द वापरतात त्याला मराठींत ‘देश’ म्हणतां येईल, परंतु राष्ट्र या अर्थानें नव्हे. आपण ‘घाट आणि देश’ म्हणतों त्या अर्थानें तो घ्यावा, आणि वर त्याला रक्ताच्या नात्याची जोड द्यावी.

या भूमींत १८७७ सालीं जर्मन ल्यूथरपंथी पाद्री आले. मेंढ्या, गुरें आणि गाड्या घेऊन दक्षिणेकडून येण्यास त्यांना सुमारें वीस महिने लागले. फिंक नदीच्या कांठीं त्यांनीं वसविलेल्या ठाण्याला त्यांनीं आपल्या मायदेशांतील गांवाचें नांव दिलें, हर्मन्सबर्ग; अरुंडा लोक त्या जागेला न्टारिया म्हणतात. तेथें २८ जुलै १९०२ रोजीं एक मूल जन्मलें. त्याचें नांव एलिया. तीन वर्षांनीं त्याचे आईबाप बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि एलियाचा आल्बर्ट झाला. मिशनवरील मुलें आईबापांपासून वेगळीं, वसतिगृहांत राहत. त्या काळचे प्रमुख पाद्री कार्ल श्ट्रेलो हे मोठे विलक्षण गृहस्थ. मिशनच्या हद्दींत ते जुने विधि होऊं देत नसत, आणि त्याच वेळीं त्याच विधींच्या कथा व गीतें वृद्ध अरुंडांकडून शब्दशः उतरून घेत. १९०७ पासून त्यांचे हे ग्रंथ फ्रांकफुर्टहून प्रसिद्ध होत गेले. जें उजव्या हातानें मोडावयाचें तेंच डाव्या हातानें जपावयाचें, असा हा प्रकार. या दुहेरी सांवलींत आल्बर्ट वाढला. तेराव्या वर्षीं तो कांहीं महिने रानांत गेला आणि जमातीच्या रीतीप्रमाणें त्याचा दीक्षाविधि झाला. अठराव्या वर्षीं त्यानें इल्कालिटा नांवाच्या कुकाचा जमातीच्या मुलीशीं लग्न केलें. नात्याच्या नियमांत हें लग्न बसत नव्हतें, म्हणून त्या जोडप्याला कांहीं वर्षें दूर राहावें लागलें. १९२३ मध्यें तीं परतलीं आणि इल्कालिटाची रुबिना झाली. आपल्या लोकांचा कायदा मोडल्याची शिक्षा त्यानें अशा रीतीनें प्रथम तरुणपणींच भोगली. दुसऱ्या कायद्याची पाळी पुढें यावयाची होती.

हा काळ कठीण होता. १९२५ नंतरच्या वर्षांत मोठा दुष्काळ पडला आणि मिशनवर पुष्कळ मुलें दगावलीं. पाण्यासाठीं काय करावें या विवंचनेंत नवे प्रमुख, पाद्री आल्ब्रेख्त, असतांना मेलबर्नच्या टीग नांवाच्या दोन भगिनी तेथें येऊन गेल्या. त्यांपैकीं एक चित्रकार होती. परत गेल्यावर त्यांनीं १९३४ मध्यें चित्रांची विक्री भरविली, आणि त्या पैशांच्या साहाय्यानें कापोरिल्या येथील झऱ्याचें पाणी १९३५ सालीं नळानें हर्मन्सबर्गला आलें. चित्र विकून पाणी आणतां येतें, हें त्या गांवानें असें प्रत्यक्ष पाहिलें.

आल्बर्ट तेव्हां तिशी ओलांडलेला, अनेक मुलांचा बाप होता. लोहारकाम, सुतारकाम, गुरें हांकणें, उंट हांकणें, जें मिळेल तें तो करी. उंटांचें नांव निघालें म्हणून सांगतों, कीं ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटांत जे उंट मुलूख तुडवीत फिरत, त्यांचे पूर्वज गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत कराची बंदरांतून जहाजांवर चढले होते, आणि त्या वेळीं कराची आपल्या मुंबई इलाख्यांत होतें. असो. मिशनच्या सूचनेवरून आल्बर्ट मुल्गा लाकडाच्या फळ्यांवर आणि बूमरँगांवर तापलेल्या सळईनें आकृति डागून त्या विकीत असे. १९३४ मध्यें रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर या दोन चित्रकारांनीं मिशनवर आपल्या चित्रांचें छोटेखानी प्रदर्शन भरविलें. ज्या डोंगरांना अरुंडा लोक जन्मापासून ओळखत होते ते डोंगर त्यांनीं प्रथमच कागदावर पाहिले, आणि त्या कागदांना पैसे पडतात हेंही ऐकलें. आल्बर्टच्या मनानें तेव्हांच घेतलें.

१९३६ सालीं बॅटरबी पुन्हां आले. पहिल्या महायुद्धांत जखमी होऊन त्यांचा एक हात अधू झाला होता. त्यांना रानांत फिरण्यास उंट हांकणारा मनुष्य हवा होता. सौदा ठरला: आल्बर्टनें उंट हांकावेत आणि मोबदल्यांत बॅटरबींनीं त्याला रंग शिकवावेत. असे दोन महिने ते हिंडले. या प्रवासाचा विचार करतांना मला नेहमीं एक गंमत वाटते. रंग कसा पातळ करावा, आकाश आधीं कां रंगवावें, दूरचा डोंगर निळा कां दिसतो, हें बॅटरबी शिकवीत होते. परंतु कोणत्या वाटेनें गेल्यास पाणी लागेल आणि हा डोंगर मुळांत कोण आहे, हें शिष्यालाच ठाऊक होतें. गुरु कोण आणि शिष्य कोण, हा प्रश्न त्या उंटांनाच विचारावा लागेल.

पुढचा वृत्तांत भराभर सांगण्यासारखा आहे. १९३७ मध्यें त्याचीं कांहीं चित्रें बॅटरबींच्या चित्रांबरोबर अॅडलेडला दाखविलीं गेलीं. डिसेंबर १९३८ मध्यें मेलबर्न येथें त्याचें स्वतंत्र प्रदर्शन झालें. गव्हर्नरांच्या पत्नीनें तें उघडलें, आणि थोड्याच दिवसांत सगळीं चित्रें विकलीं गेलीं. पहिल्या चित्रांवर तो नुसतें ‘आल्बर्ट’ असें लिही. पुढें त्यानें बापाचें नांव जोडलें, आणि नामात्जिरा हें नांव देशांत घरोघर झालें. १९३९ मध्यें अॅडलेडच्या सार्वजनिक कलासंग्रहानें त्याचें एक चित्र विकत घेतलें. १९४४ मध्यें तो ऑस्ट्रेलियांतील प्रतिष्ठितांच्या परिचयकोशांत गेला. त्याचीं मुलें आणि आप्त रंग हातीं घेऊं लागले, आणि हर्मन्सबर्गच्या चित्रकारांचा एक संप्रदायच उभा राहिला.

कलेच्या समीक्षकांनीं मात्र नाक मुरडलें. त्यांचें म्हणणें असें, कीं हा मनुष्य गोऱ्या लोकांची जुनी झालेली पद्धत हुबेहूब उचलतो. त्यांत आदिवासीपणा तो काय? यांतला अन्याय लक्षांत घ्या. त्यानें जुन्या खुणा काढल्या असत्या, तर ती जंगली लोकांची हस्तकला ठरून वस्तुसंग्रहालयांत गेली असती. यूरोपीय पद्धतीनें काढलें, तर ती नक्कल ठरली. चित्रकार म्हणून उभें राहण्यास त्याला मोकळी जागा अशी ठेवलेलीच नव्हती.

आणि तें म्हणणें खरेंही नव्हतें. नामात्जिरानें काय काढलें याची नुसती यादी पाहावी. माउंट सोंडर, ग्लेन हेलनची घळ, पाम व्हॅलींतील ताड, हास्ट्स ब्लफचे कडे, ऑर्मिस्टन. तींच तींच स्थळें, पुन्हां पुन्हां, वर्षानुवर्षें, सकाळचीं, दुपारचीं, पावसानंतरचीं. निसर्गचित्रें काढणारा प्रवासी नवा देखावा शोधीत फिरतो. हा मनुष्य मात्र जुन्या ठिकाणांकडे परत जातो, आपण घरच्या वडील मनुष्याची चौकशी करण्यास परत जातों तसा. त्याच्या चित्रांत माणूस दिसत नाहीं म्हणून तीं रिकामीं आहेत असें म्हणणाऱ्यांनीं त्या पांढऱ्या झाडाकडे पुन्हां पाहावें. एखाद्या व्यक्तीचें चित्र काढावें तसें तें पुढें घेतलें आहे. डोंगराच्या अंगावरील प्रत्येक घडी त्यानें मोजली आहे. यूरोपीय निसर्गचित्रांत दूरचें धूसर होतें. येथें दहा मैलांवरचा कडाही जवळच्या दगडाइतका स्पष्ट आहे, कारण ओळखीच्या मनुष्याचा चेहरा दुरून धूसर दिसत नाहीं. प्रत्येक रेषेंत गुप्त अर्थ शोधण्याची अलीकडची हौस मला पटत नाहीं. पवित्र आणि गुप्त गोष्टी बाजारांत मांडण्याइतका तो भोळा नव्हता. परंतु हीं एका आप्ताचीं चित्रें आहेत, पाहुण्याचीं नव्हेत, एवढें खचित.

आतां त्याच्या नशिबाची दुसरी बाजू. चित्रें विकून जो पैसा मिळाला त्यावर सरकारनें प्राप्तीचा कर बसविला. कर देणारा हा मनुष्य मात्र कायद्यानें पुरता नागरिक नव्हता. १९५० च्या सुमारास त्यानें गुरें चारण्यासाठीं जमिनीचा पट्टा मागितला. तो नाकारला गेला. १९५१ मध्यें अॅलिस स्प्रिंग्जमध्यें घर बांधावें असें त्यानें मनांत आणलें. परंतु अंधार पडल्यावर आदिवासी मनुष्यानें त्या गांवांत राहावयाचें नाहीं असा नियम होता. गांवाच्या दुकानांत त्याचीं चित्रें रात्रभर राहूं शकत, तो राहूं शकत नसे. १९५३ मध्यें त्याला राज्यारोहणाचें पदक मिळालें. १९५४ मध्यें त्याला विमानानें कॅनबेराला नेऊन राणी एलिझाबेथपुढें उभें केलें. १९५६ मध्यें विल्यम डार्गी यांनीं काढलेल्या त्याच्या तसबिरीला आर्चिबाल्ड पारितोषिक, म्हणजे व्यक्तिचित्रणाचा त्या देशांतील सर्वांत मोठा मान, मिळाला. आणि या सर्व काळांत त्याचा मुक्काम बहुधा गांवाबाहेरच्या कोरड्या ओढ्याकांठच्या पालांत आणि झोंपड्यांत असे.

१९५७ सालीं उत्तर प्रांतांत एक नवा कायदा अमलांत आला. त्याची शब्दयोजना मोठी चतुर होती. त्यांत ‘आदिवासी’ हा शब्दच नव्हता. ज्यांना स्वतःचा व्यवहार पाहतां येत नाहीं त्यांना सरकारचे ‘पाल्य’ ठरवावें, एवढेंच म्हटलें होतें. परंतु ज्याला मताचा अधिकार आहे त्याला पाल्य ठरवितां येत नसे, आणि मताचा अधिकार आदिवासींना नव्हता. म्हणजे जाळें कोणासाठीं विणलें हें उघड होतें. पंधरा हजारांच्या वर नांवांची एक यादी एका झटक्यांत प्रसिद्ध झाली. त्या यादींतून नामात्जिरा आणि रुबिना यांना वगळण्यांत आलें. याचा अर्थ असा, कीं तीं दोघें नागरिक झालीं. त्यांना मत देतां येई, वाटेल तेथें घर बांधतां येई, आणि दारू विकत घेतां येई. त्यांचीं मुलें, भाऊबंद, सोयरे मात्र यादींतच राहिले. पाल्याला दारू देणें हा गुन्हा होता.

श्रोतेहो, हा सन्मान म्हणजे काय झालें याचा विचार करा. अरुंडा समाजांत वांटून खाणें हा दानधर्म नव्हे, तो ऋणाचा व्यवहार आहे. कोणाला काय द्यावयाचें हें नात्यानें ठरलेलें असतें, आणि न देणारा मनुष्य मनुष्यांतून उठतो. नामात्जिराची सारी कमाई याच वाटेनें जात होती. त्याच्या एका कुंचल्यावर शेंकडों माणसें पोसलीं जात. अशा मनुष्याला सरकारनें सांगितलें, कीं तुला एकट्याला आम्ही मोकळें केलें आहे. फक्त तुझ्या माणसांना कांहीं देऊं नकोस. एका कायद्यानें जें कर्तव्य, दुसऱ्या कायद्यानें तो अपराध. तो दोन्ही कायदे पाळणारा होता.

व्हावयाचें तें १९५८ मध्यें झालें. तो राहत असे त्या मॉरिस सोक नांवाच्या वस्तींत एका स्त्रीचा खून झाला, आणि वस्तींत दारू आणल्याबद्दल मॅजिस्ट्रेटनें नामात्जिराला दोष दिला. त्यानंतर थोड्याच काळानें हेनोक राबेराबा या आप्ताच्या, जो स्वतः चित्रकार होता, हातीं लागेल अशा रीतीनें गाडींत रमची बाटली ठेवल्याचा आरोप त्याच्यावर आला. शिक्षा सहा महिने सक्तमजुरीची. देशांत गहजब झाला. ज्यांच्या भिंतींवर त्याचीं चित्रें होतीं ते लोक एकदम जागे झाले, आणि अपिलांसाठीं लोक पुढें आले. वरच्या न्यायालयानें शिक्षा तीन महिन्यांवर आणली. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयांत गेला. वकिलांनीं असा मुद्दा मांडला, कीं हजारों माणसांना एकेकाची चौकशी न करतां घाऊक पाल्य ठरविणें हेंच बेकायदा आहे. मार्च १९५९ मध्यें न्यायालयानें तो फेंटाळला. मंत्र्यांच्या मध्यस्थीनें तुरुंगाऐवजीं पापुन्या येथील राखीव वसाहतींत स्थानबद्धता झाली, आणि दोन महिन्यांनीं तो सुटला.

त्यानंतर त्यानें फारसें चित्र काढलें नाहीं. हृदय बिघडलें होतें, आणि तें केवळ वैद्यकीय अर्थानें नव्हे. रुग्णालयांत आणल्यावर त्यानें बॅटरबींना तीन निसर्गचित्रें भेट दिलीं आणि आणखी देईन असें सांगितलें. ८ ऑगस्ट १९५९ रोजीं अॅलिस स्प्रिंग्ज येथें तो वारला. वय सत्तावन्न. आदिवासींना देशाच्या निवडणुकींत मताचा अधिकार त्यानंतर तीन वर्षांनीं, १९६२ मध्यें, मिळाला.

ज्या पापुन्यामध्यें त्यानें शिक्षा भोगली त्याच गांवीं बारा वर्षांनीं एक नवल घडलें. १९७१ मध्यें जेफ्री बार्डन नांवाच्या तरुण चित्रकलाशिक्षकाच्या प्रोत्साहनानें तेथील वृद्धांनीं शाळेच्या भिंतीवर मधुमुंगी-पूर्वजाचें भव्य चित्र काढलें. त्यांतून फळ्यांवर आणि कापडावर चित्रें काढण्याची जी लाट उठली ती जगभर पोंचली. वर्तुळें म्हणजे डोह, रेषा म्हणजे वाटा, ठिपक्यांचें भरण. भूमि जणूं आकाशांतून पाहिलेली. क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी हा त्यांतला थोर चित्रकार. तरुणपणीं जलरंग शिकविण्याची तयारी नामात्जिरानें त्याला दाखविली होती. त्यानें ती नाकारली. १९७७ सालीं त्यानें ‘वार्लुगुलाँग’ हें प्रचंड चित्र काढलें. दोन मुलांनीं शिकार बापाला न वांटतां खाल्ली म्हणून निळ्या जिभेच्या सरड्या-पूर्वजानें पेटविलेल्या वणव्याची ही कथा. म्हणजे येथेंही वांटून न खाण्याचेंच पाप! तें चित्र आरंभीं अवघ्या बाराशें डॉलरांस गेलें, आणि २००७ मध्यें राष्ट्रीय कलासंग्रहानें त्यासाठीं चोवीस लक्ष डॉलर मोजले. शाळेच्या भिंतीवरील मधुमुंगी मात्र पुढें रंग फांसून पुसून टाकण्यांत आली.

हीं नवीं चित्रें पाहिल्यावर समीक्षकांच्या डोळ्यांपुढचा पडदा हळूहळू दूर झाला. पापुन्याचे लोक जी भूमि वरून काढीत होते, तीच नामात्जिरा समोरून काढीत होता. ज्या चित्रांना त्यांनीं नक्कल म्हटलें होतें त्यांचें मोठें प्रदर्शन २००२ मध्यें, त्याच्या जन्मशताब्दीनिमित्त, राष्ट्रीय कलासंग्रहानें भरविलें. जमिनीचा प्रश्न त्याआधींच थोडासा सुटला होता: १९८२ मध्यें हर्मन्सबर्गची मिशनची जमीन अरुंडा लोकांच्या नांवें झाली. ज्या मनुष्याला चराऊ पट्टा मिळाला नाहीं त्याची मुलेंनातवंडें तिचीं धनी झालीं.

चित्रांचें मात्र तसें झालें नाहीं. १९५७ मध्यें त्यानें छापील प्रतींच्या हक्काविषयीं सिडनीच्या एका प्रकाशकाशीं करार केला होता. त्याच्या मिळकतीचा कारभार पुढें सरकारी विश्वस्ताकडे गेला, आणि त्या विश्वस्तानें १९८३ मध्यें वारसांना न विचारतां सगळा हक्क त्या प्रकाशकाला साडेआठ हजार डॉलरांना विकून टाकला. आजोबाचें चित्र छापण्यासाठीं नातवानें परक्याची परवानगी काढावी अशी स्थिति चौतीस वर्षें होती. २०१७ मध्यें तो हक्क कुटुंबाच्या न्यासाकडे परत आला. कागदोपत्रीं त्याची किंमत एक डॉलर लावण्यांत आली. एका उदार गृहस्थानें प्रकाशकाला अडीच लक्ष डॉलरांची देणगी दिली, तेव्हां तें जमलें.

२०२० सालीं आर्चिबाल्ड पारितोषिक व्हिन्सेंट नामात्जिरा या चित्रकाराला मिळालें. हें पारितोषिक मिळविणारा तो पहिला आदिवासी चित्रकार, आणि आल्बर्टचा पणतू. १९५६ मध्यें त्या भिंतीवर पणजोबा होता, परंतु कुंचला दुसऱ्याच्या हातीं होता. या वेळीं पणतूनें स्वतःचेंच चित्र आपल्या हातानें काढलें होतें, शेजारीं एका प्रसिद्ध आदिवासी खेळाडूला उभें करून. आणि अॅलिस स्प्रिंग्ज येथें हर्मन्सबर्गच्या चित्रकारांची आजची पिढी अजून जलरंगांतच काम करते. एक कलाकेंद्र त्यांनींच चालविलें आहे. तेथून गाडी भरून हीं मंडळी पश्चिमेकडे जातात, माउंट सोंडरसमोर जमिनीवर बसतात, मांडीवर कागद घेतात, आणि आधीं आकाश रंगवूं लागतात.